अस्सल बरहुकूम नक्कल

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला चोर कुठल्या ठाण्यात असताना पकडला, असं कोणी विचारलं तर माझी गफलत होईल. पण दरेकशाच्या डोंगराबाजूचं एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. त्यात गोळी सुटली नाही, पाठलाग झाला नाही, वर्तमानपत्रात चार ओळींच्या वर काही आलं नाही. तरी सगळ्या नोकरीत अभिमान कशाचा वाटतो असं विचारलं, तर मी मला मिळालेल्या पदकाच्या आधी ह्या प्रकरणाचं नाव घेतो. त्यातल्या माणसांची नावं मात्र लिहीत नाही. ती आपापल्या घरी सुखात आहेत.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार म्हणून हिवाळ्यात रुजू झालो. हद्द लांबलचक, जंगल बरंच, आणि शिपाई नेहमीसारखे कमी. सकाळी हजेरी व्हायची. हजेरीला माणसं वाकडीतिकडी उभी राहिलेली मला चालत नसत. एकाचा खांदा पुढे आला की माझी नजर तिथेच अडकायची आणि रांग सरळ होईपर्यंत पुढचं काम सुरू व्हायचं नाही. रांगेला दोरी लावून पाहतो म्हणून माझ्या माघारी पोरं मला 'दोरीवाले साहेब' म्हणत. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतही होतं. ह्या सवयीनं पुढे एका माणसाला वाचवलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

उन्हं तापायला लागली होती. एका सकाळी गोरेगावकडचा एक शेतकरी ठाण्यात आला. धानाची चांगली शेती असलेला, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

"साहेब, माझ्या बहिणीले तिच्या नवऱ्यानं मारून टाकलन," तो म्हणाला. "तुमच्या ठाण्यात हरवली म्हणून लिहून आहे. हरवली नाही ते. मारलन तिले."

मी कागद काढायला लावले. बहीण डोंगराच्या पायथ्याच्या एका लहान गावात दिली होती. नवऱ्याचं थोडं धानाचं शेत, बाकी जंगलातली मजुरी. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, ती घरातून गेली ती परत आली नाही. काही दिवसांनी नवऱ्यानं येऊन हरवल्याची तक्रार दिली होती. माझ्या आधीच्या ठाणेदारांनी नियमाप्रमाणे सगळीकडे कळवलं होतं. तिचा एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्यांखाली चेहरा धड दिसत नव्हता. जिल्ह्याच्या बेपत्ता व्यक्ती कक्षाचं उत्तर कागदांना जोडलेलं होतं: 'आश्रयगृहांच्या याद्या तपासल्या, जुळणारी नोंद नाही.'

"तुमचा संशय कशावरून?" मी विचारलं.

"इतके दिवस झाले, साहेब. माझी बहीण जिती असती त मले भेटाले आली नसती का?" एवढं बोलून तो खुर्चीत बसला, आणि बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिला. त्याचा राग खरा होता. खोटी तक्रार देणारा माणूस बोलण्याआधी साहेबांचा चेहरा वाचतो. हा माझ्याकडे पाहतच नव्हता.

खबर मिळाली ती त्याच आठवड्यात. आठवडी बाजारांतून बांगड्या विकत फिरणारा एक माणूस होता. मूळचा गोंदिया शहरातला, म्हणून बोलणं हिंदीत. तो आमच्या हवालदाराला म्हणाला, "साहब का नाम लेके बोल रहा हूँ, मेरा नाम मत लेना. पोले के टाइम वो आदमी खेत की मेड़ के पास बड़ा गड्ढा भर रहा था. अकेला. मैंने पूछा क्या है, तो बोला कुछ नहीं."

एकट्या माणसानं सणाच्या दिवसांत शेतात मोठा खड्डा बुजवायचा, आणि विचारलं तर 'काही नाही' म्हणायचं, ही खबर कुठलाही ठाणेदार बाजूला ठेवणार नाही. मी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे रीतसर पत्र दिलं. नायब तहसीलदार, डॉक्टर, दोन पंच, फोटोग्राफर, सगळे जमवले. नवऱ्यालाही नेलं. किडकिडीत, उन्हानं रापलेला माणूस. शेताच्या बांधाकडे गाडी वळली तसा त्याचा चेहरा पडला. आमच्या हवालदारानं मला कोपरानं खूण केली. मीही मनात म्हटलं, आता काही तरी निघणार.

निघालं खरं. फावड्याला हाड लागलं. गोळा झालेलं गाव दोन पावलं पुढे सरकलं. डॉक्टर खाली वाकले, त्यांनी मातीतून एक शिंग उपसून वर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बैल होता.

"बयलाच्या खाली असन ते," बाईचा भाऊ ओरडला. "वरून बयल टाकलन."

त्याचंही समाधान झालं पाहिजे, म्हणून सांगाडा बाजूला ठेवून आणखी खणायला लावलं. खाली पक्का मुरूम लागला. तो कधीच कोणी खणलेला नव्हता. नवरा कडेला उकिडवा बसून त्या बैलाच्या हाडांकडे पाहत रडत होता. गावातले काही जण हे नाटक आहे म्हणत होते. मी पंचनामा लिहून घेतला आणि त्याला ठाण्यात घेऊन आलो.

चौकशीबद्दल लोकांच्या मनात सिनेमातली चित्रं असतात. माझी पद्धत साधी होती. समोरच्याला आधी चहा द्यायचा, त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यायचं, आणि मध्ये बोलायचं नाही. अंगाला हात लावून मिळालेलं बयान न्यायालयात टिकत नाही, आणि आपल्या स्वतःच्या मनातही टिकत नाही. ह्या माणसाच्या अंगाला माझ्या ठाण्यात कोणी बोट लावलं नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

"बैल मेला, तर लपवला काऊन गा?" मी विचारलं.

"पोळ्याच्या दिशी मेला, साहेब," तो म्हणाला. "सारं गाव बयल सजवून राहिलं होतं. माह्या दारात भुऱ्या मरून पडला. कोनाले कोन्त्या तोंडानं सांगू?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भुऱ्या बरेच दिवस आजारी होता. बायको रोज सांगत होती, की गुरांच्या डॉक्टरला आणा, बैलाला आराम द्या. ह्यानं ऐकलं नाही, धानाच्या रोवण्याच्या चिखलणीला त्यालाच जुंपत राहिला. पोळ्याला सकाळी बैल गेला. बायको म्हणाली, तुम्हीच मारलात त्याला. दिवसभर ती जेवली नाही. तिच्या अंगात तापही होता. पाडव्याला सकाळी उठली, भावाकडे जाते म्हणाली, आणि दरेकशाच्या स्टेशनकडे चालू लागली. गोंदियाला उतरून पुढे गोरेगावची एसटी, हा तिचा नेहमीचा रस्ता.

"तू मागं का नाही गेलास?"

"खड्डा उघडा होता ना, साहेब. भुऱ्याले तसाच टाकून कसा जाऊ? मले वाटलं, भावाकडे गेली त राग शांत होऊन येईन."

मी त्याला सांगितलं, आता हेच सगळं शेवटापासून मागे सांग. तक्रार दिली तिथून सुरू कर आणि बैल आजारी पडला तिथं थांब. रचलेली गोष्ट पुढे धावते, मागे चालताना ती अडखळते. घडलेली गोष्ट कुठूनही सांगता येते. तो मागे मागे गेला. तक्रार, त्याआधी मेव्हण्याला लाजत लाजत केलेला फोन, त्याआधी रिकामं घर, त्याआधी खड्डा, त्याआधी पिशवी घेऊन पाठमोरी जाणारी ती. एकही गोष्ट जागची हलली नाही. उलट एक नवी भर पडली: जाताना ती बैलाच्या खड्ड्याजवळ उभी राहिली होती, आणि दोघंही काही बोलले नव्हते. खोटं बोलणारा माणूस आपल्याला काही उपयोग नसलेली अशी गोष्ट कशाला सांगेल?

माझी खात्री पटली. पण ठाणेदाराच्या खात्रीवर कागद बंद होत नाहीत. भावानं वरपर्यंत अर्ज केले होते. गावानं त्या माणसाला मजुरीला बोलावणं बंद केलं होतं, त्याच्या हातचं पाणीही कोणी घेत नव्हतं. उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, "अटक दाखवा. आत गेला की बोलेल."

"सर, सापडलाय तो बैल आहे," मी म्हणालो. "कोणाच्या खुनात अटक दाखवू?"

त्यांना राग आला, पण माणूस न्यायाचा होता. आठवडाभर थांबायला तयार झाले. त्यानंतर अटक करावीच लागेल, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. एक माणूस खुनी ठरायचा की नाही, हे त्या आठवड्यावर येऊन ठेपलं होतं.

बाई जर जिवंत असेल, तर कुठेतरी कोणाच्या तरी नोंदीत असलीच पाहिजे, असं माझं म्हणणं होतं. म्हणून ते 'जुळणारी नोंद नाही' मला खुपत होतं. दुसऱ्यानं लिहिलेलं 'नाही' मी स्वतः पाहिल्याशिवाय कधी मानलं नाही. मी गोंदियाला बेपत्ता व्यक्ती कक्षात जाऊन बसलो.

तिथलं काम एक हवालदार बाई पाहत. हुशार, कामाला वाघ आणि जिभेला धार. गोंदियाच्याच असल्यानं अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत. हरवलेल्यांच्या नोंदी पोलिसांच्या मोठ्या संगणक प्रणालीत असतात, पण आश्रयगृहांकडच्या याद्या त्यांच्या त्यांच्या संगणकात असायच्या. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. बाईंनी त्या सगळ्या मागवून एका तक्त्यात आणल्या होत्या. एका मोठ्या शहरातल्या महिला आश्रयगृहाची यादी तर फारच जुन्या डेटाबेसमध्ये होती. तिथे प्रत्येक बाईचं वेगळं पान होतं, पानावर फोटो, वय, अंगावरच्या खुणा, कधी सापडली, कुठे सापडली. आमच्या कार्यालयातल्या नव्या सॉफ्टवेअरला ती फाइल उघडतच नव्हती.

"मग आणली कशी?" मी विचारलं.

"उनको बोली, साध्या मजकुराच्या फाइलीत काढून द्या. एका बाईची एक ओळ, मध्ये स्वल्पविराम. ती फाइल मी आपल्या स्प्रेडशीटमध्ये उघडली. फोटो त्यात येत नाहीत, सर. मजकूर तेवढा येतो. पण मजकूर पूरा आला. तिकडे जितक्या बाया, इकडे तितक्या ओळी. मी मोजल्या आहेत."

"मला यादी दाखवा."

त्यांनी पोळ्यानंतरची यादी दाखवली. वयाच्या जवळपासच्या दोन-तीन बाया होत्या, पण खुणा जुळत नव्हत्या. आमच्या बाईच्या डाव्या हातावर गोंदलेली तुळस होती, हनुवटीवर तीन ठिपके होते.

"ही अर्धी यादी झाली," मी म्हणालो. "सगळी दाखवा."

"सर, पोळ्याच्या आधीच्या ओळी मी झाकल्या आहेत. बाई हरवायच्या आधी सापडेल कशी?"

"दाखवा तरी."

त्यांनी कपाळाला आठी घालून झाकलेल्या ओळी उघडल्या. तारखेच्या क्रमानं लावलेली लांबलचक यादी पडद्यावर आली. मला संगणकातलं तेव्हा फारसं कळत नव्हतं, आजही बेताचंच कळतं. मी वाचायच्या आधी नुसता पाहत बसलो, हजेरीला पाहावं तसा. आणि माझी नजर अडकली.

"बाई, ही तारखांची रांग वाकडी का?"

"काय वाकडी, सर?"

"वरच्या सगळ्या तारखा चौकटीच्या उजव्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. खालच्या सगळ्या डाव्या भिंतीला. एकाच रांगेत दोन तुकड्या कशा?"

बाई हसल्या. माझं टोपणनाव गोंदियापर्यंत पोचलं होतं. "सर, इथे पण दोरी लावता काय?"

"लावतो. सांगा."

मी खुर्ची जवळ ओढली आणि उजव्या तुकडीतली तारीख न् तारीख वाचायला लागलो. तीन, पाच, आठ, अकरा, बारा. महिन्याच्या बारा तारखेपुढची एकही नव्हती. डाव्या तुकडीत पाहिलं तर तिथे सगळ्या बाराच्या पुढच्या.

"ह्या वरच्या यादीत," मी म्हणालो, "बारा तारखेनंतर कुठलीच बाई सापडलेली नाही. आणि खालच्या यादीत तेराच्या आधी नाही. असं कुठे असतं का?"

आता बाईंचं हसणं थांबलं. त्यांनी एका तारखेवर जाऊन काही तरी दाबलं, महिना अक्षरात दाखवायला लावला. पडद्यावर '८/९' असं दिसत होतं, त्याच्या जागी ऑगस्टची नऊ तारीख आली. त्यांनी दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग हात गालाला लावून बसल्या.

मला त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपण तारीख लिहिताना आधी दिवस लिहितो, मग महिना. आश्रयगृहानं तसंच लिहिलं होतं. पण आमच्या नव्या सॉफ्टवेअरची मूळ मांडणी परदेशी होती. तिला आधी महिना, मग दिवस वाचायची सवय. फाइल उघडताना तिनं कोणाला न विचारता '८/९'चा अर्थ आठवा महिना, नववा दिवस असा लावला. पडद्यावर आकडे तेच राहिले, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण क्रम लावताना आणि जुन्या ओळी झाकताना ती ओळ ऑगस्टमध्ये, म्हणजे पोळ्याच्या आधी गेली. जिथे दिवस बाराच्या पुढचा, तिथे तेरावा महिना नसल्यामुळे सॉफ्टवेअरनं हात टेकले आणि ती तारीख नुसता मजकूर म्हणून डावीकडे ढकलून दिली. रांगा दोन झाल्या त्या अशा. बाईंनी ओळी मोजल्या होत्या आणि त्या बरोबरच भरल्या होत्या. साक्षीदार सगळे हजर होते, फक्त निम्म्यांनी साक्ष बदलली होती.

"सर, मेरे हाथ से हुआ ये," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमच्या हातून काम झालं, म्हणून तर आज यादी समोर आहे," मी म्हणालो. "रडायचं नंतर. आधी ही ओळ वाचा."

झाकलेल्या भागात ती ओळ होती. नाव: सांगता येत नाही. वय अंदाजे तीस. हनुवटीवर ठिपके, हातावर गोंदण. रेल्वेच्या डब्यात बेशुद्ध, तीव्र ताप. सापडल्याची तारीख ८/९. त्या वर्षी पोळा सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आला होता. सप्टेंबरची आठ म्हणजे पाडव्यानंतरचा दुसराच दिवस. गोंदियाला उतरायच्या आधीच तापानं शुद्ध हरपून ती गाडीबरोबर पुढे गेली असणार.

माझ्या अंगावर काटा आला. पण काटा हा पुरावा होत नाही. आम्ही आश्रयगृहाला फोन लावला आणि तिथल्या ताईंना मूळ फाइल त्यांच्या जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायला सांगितली. तिथे त्या पानावर महिना अक्षरात होता: सप्टेंबर. मी खुणा विचारल्या. डाव्या हातावर तुळस. मग मी विचारलं, ती काही बोलते का?

ताई म्हणाल्या, "तापानं मेंदूला इजा झाली होती. बरेच महिने बोलतच नव्हती. आता शब्द येतात, पण नाव-गाव लागत नाही. एक गोष्ट मात्र सारखी म्हणते. आम्हाला काही अर्थ लागला नाही."

"काय म्हणते?"

"बैल मेला, म्हणते."

मी फोन तसाच धरून बसलो. त्या बैलाचं शिंग मी स्वतःच्या डोळ्यांनी मातीतून निघताना पाहिलं होतं. हवालदार बाई मला विचारत होत्या, काय झालं सर, काय झालं. मी रुमाल काढून डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं दोनदाच झालं, आणि दुसरी वेळ माझ्या मुलीच्या पाठवणीची होती.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला आणि भावाला एकाच जीपमध्ये बसवलं. शिपाई म्हणाला, साहेब, वाटेत मारामारी होईल. मी म्हणालो, होऊ दे, आपण पोलीसच आहोत. मारामारी झाली नाही, दोघं जीपच्या दोन कडांना बसून बाहेर पाहत राहिले. भावाला मी आश्रयगृहाकडून आलेला तिचा फोटो दाखवला होता, तरी तो मान हलवत होता. मेलेल्या बहिणीचा शोक त्यानं करून टाकला होता, आता आशा धरायला तो भीत होता.

आश्रयगृहाच्या अंगणात ती तांदूळ निवडत बसली होती. भावाला पाहून ती उठली, त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. भाऊ मोठ्यानं रडला. नवरा मागेच थांबला होता, फाटकाजवळ, गुन्हेगारासारखा. ती त्याच्याकडे सावकाश चालत गेली. शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता.

"भुऱ्याले," ती म्हणाली, "पुरलात का जी?"

"बांधावर," तो म्हणाला. मग त्याला हसूही आलं आणि रडूही आलं. "दोन खेपा पुरलो त्याले."

माझ्या दृष्टीनं ओळखपरेड तिथेच संपली. पुढचे सगळे कागद, बयानं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सुपूर्दनामा, मी रीतसर केले. पण त्या प्रश्नापुढे त्यांची गरज उरली नव्हती. परतताना भाऊ जीपमध्ये मागच्या बाजूला बसला आणि मेव्हण्याला पुढची जागा दिली. माफी वगैरे तो बोलला नाही. आमच्याकडच्या माणसांना ते शब्दात जमत नाही.

काम एवढ्यावर थांबलं नाही, आणि खरा अभिमान मला इथून पुढचा आहे. आमच्या खात्यात, न्यायालयात, तहसिलीत कुठल्याही कागदाची नक्कल काढली की तिच्याखाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहून सही करतात. म्हणजे ही प्रत मुळाशी ताडून पाहिली, मुळाबरहुकूम आहे, आणि चूक निघाली तर सही करणारा जबाबदार. इंग्रजांच्याही आधीपासूनची ही रीत. साध्या नकलेखाली आम्ही ती इमानेइतबारे पाळत होतो. पण माणसांची अख्खी यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जात होती, तिच्याखाली सही करायला कोणालाच सांगितलेलं नव्हतं. यंत्रानं केलेली नक्कल चुकत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. नक्कल ती नक्कलच, हातानं करा की यंत्रानं.

हवालदार बाईंनी आणि मी मिळून अधीक्षक साहेबांपुढे टिपण ठेवलं. कुठलीही यादी इकडून तिकडे नेली की तारखेचा रकाना आधी दिवस असा सांगूनच उघडायचा, फोटो नोंदीच्या क्रमांकानं वेगळे आणायचे, मूळ फाइल मोडायची नाही, आणि काही नोंदी मुळाशी ताडून खाली सही करायची. साहेबांनी त्याच दिवशी आदेश काढला. बाईंनी सगळ्या आश्रयगृहांच्या याद्या पुन्हा पहिल्यापासून आणल्या. दोन्ही तुकड्या एका रांगेत आल्या. त्या सरळ रांगेतून आणखी काही घरांची माणसं सापडली. त्यात गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या देवळात यात्रेला आलेली आणि चुकलेली एक म्हातारीही होती. तिच्या मुलानं मला फोन लावला, नुसतं 'साहेब' म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला. मला ते पुरलं.

माणूस खोटं बोलतो, हे नोकरीनं मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. खरा कागदही जागा बदलताना खोटं बोलू शकतो, आणि तेही कोणाच्या मनात काही नसताना, हे ह्या प्रकरणानं शिकवलं. म्हणून संशय घ्यायचा तर माणसावर घेण्याआधी आपल्या यादीवर घ्यावा. त्या नवऱ्याला आम्ही आत टाकलं असतं, तर आमच्याच एका वाकड्या रकान्यानं त्याला खुनी ठरवलं असतं. तिकडे त्याची बायको अंगणात तांदूळ निवडत बसली असती, आणि नकलेवर सही मात्र कोणाचीच नसती.

पुढच्या पोळ्याला मला त्या गावातून बोलावणं आलं. गेलो. गुरं जमतात त्या आखरावर बैलांची रांग लागली होती, आणि आंब्याच्या तोरणाखाली त्या माणसाची जोडी उभी होती. एक त्याचा जुना बैल, आणि दुसरा पांढरा, उंच, अनोळखी. बाईच्या भावानं आपल्या गोठ्यातला चांगला बैल गोरेगावकडून थेट डोंगराखाली चालवत आणला होता. तो बैलाच्या वेसणीजवळ उभा होता. ती हातात ओवाळणीचं ताट घेऊन आली, नव्या बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नवऱ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "याले ताप आला, त डॉक्टर आणजा."

"आणीन," तो म्हणाला.

मी रांगेकडे पाहिलं. सगळे बैल आडवेतिडवे उभे होते, एकाचंही तोंड सरळ नव्हतं. त्या दिवशी मी काही बोललो नाही.